पिकअपने बोट पाण्यात उतरवताना गाडी घसरली: दोष गाडीचा की पद्धतीचा?

नवा नावाडी (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार. गेल्या हंगामात मी साडेपाच मीटर लांबीची फायबरची बोट घेतली. ट्रेलर, आउटबोर्ड इंजिन आणि भरलेली टाकी धरून तिचे वजन सुमारे १,५०० किलो होते. ती ओढायला माझ्याकडे ऑटोमॅटिक गिअरची पिकअप आहे, जिची फक्त मागची चाके ओढतात. आतापर्यंत सात-आठ वेळा बोट उतरवली आणि परत काढली. कधी वाकडेतिकडे झाले, पण निभावले.

आज मात्र वेगळे घडले. पूर्ण ओहोटी होती, त्यामुळे रॅम्पचा, म्हणजे बोट उतरवायच्या काँक्रीटच्या उताराचा, शेवाळलेला हिरवा पट्टा उघडा पडला होता. बोटीची मागची बाजू पाण्याला टेकेपर्यंत ट्रेलर मागे घेतला, ब्रेक दाबून धरला आणि गाडी खिळल्यासारखी उभी राहिली. मग हँडब्रेक ओढला, गिअर पार्किंगला टाकला आणि विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या हातचक्रीचा) हूक सोडायला खाली उतरलो. ट्रेलरच्या दांडीपर्यंत पोहोचलो असेन, इतक्यात सगळे धूड आवाज न करता मागे सरकू लागले. मागची चाके फिरत नव्हती. जशीच्या तशी, जाम राहूनच घसरत होती. दीड-दोन फूट गेल्यावर ती काँक्रीटच्या आडव्या खाचांत अडकली आणि गाडी थांबली. माझी मुलगी नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर हातात धरून जेटीवर उभी होती. ती ट्रेलरच्या मागे उभी असती तर काय झाले असते, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. फोर-व्हील ड्राइव्ह नसलेल्या गाडीने हे काम करूच नये का, की माझ्या पद्धतीत काही चूक आहे?

सुकाणू (रविवार, रात्री ९:४२)

कोणाला इजा झाली नाही हे वाचून बरे वाटले. उत्तर देण्याआधी एक गोष्ट विचारतो. गाडी उभी केली तेव्हा मागची चाके शेवाळावर होती हे कळले, पण पुढची चाके कुठे होती?

जुना दोर (रविवार, रात्री १०:३०)

मी जवळजवळ वीस वर्षे मागच्या चाकांच्या पिकअपनेच बोट ओढतो आहे आणि मला फोर-व्हील ड्राइव्हची गरज वाटली नाही. गाडीचे तोंड चढाकडे असले की वजन मागे झुकते, शिवाय ट्रेलरच्या दांडीचा भारही मागच्याच चाकांवर पडतो. त्यामुळे ओढण्यासाठी मागची चाके उलट सोयीची असतात. पुढच्या चाकांवर चालणारी मोटार अशा उतारावर लवकर हतबल होते.

माझ्या मते खरी चूक घाईत असते. बहुतेक जण उतारावर गेल्यावर तयारीला लागतात. पट्टे सोडायचे, सामान चढवायचे, किल्ली शोधायची, तळाचे बूच लावायचे, आणि हे सगळे मागे चार गाड्या थांबलेल्या असताना. ही सगळी कामे वर, सपाट जागेवर व्हायला हवीत. मागचे बांधपट्टे सोडावेत, बूच हाताने पिळून पाहावे, इंजिन वर उचललेले आहे आणि बॅटरी जिवंत आहे याची खात्री करावी, नाळेला आणि मागे असे दोन दोर बांधून ठेवावेत. विंचचा हूक आणि नाळेची सुरक्षा साखळी एवढेच मात्र पाण्याच्या कडेला पोहोचेपर्यंत सोडू नये. रोलरचा ट्रेलर असेल तर ही गोष्ट जिवापाड जपावी, कारण वरच हूक सोडलेली बोट रोलरवरून थेट काँक्रीटवर उतरलेली मी पाहिली आहे.

बुचाबद्दल आणखी एक सांगतो. अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली फूटभर असेल, तर त्यातून मिनिटाला साधारण चाळीस लिटर पाणी आत येते. गाडी लावून पाच मिनिटांनी परत येईपर्यंत बोटीत दोनशे किलोचा भार वाढलेला असतो.

नवा नावाडी (रविवार, रात्री १०:४८)

सुकाणू, पुढची चाके कोरड्या, खडबडीत काँक्रीटवर होती. शेवाळाचा पट्टा पुढच्या चाकांच्या पाच-सहा फूट मागे सुरू होत होता. जुना दोर, तयारी मी वरच करतो. बूचही वरच लावतो.

ग्रीसचे हात (सोमवार, सकाळी ६:५५)

मग कोडे सुटले. मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पायाचा ब्रेक चारही चाकांना लागतो. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. ऑटोमॅटिक गिअरमधले पार्किंग म्हणजे गिअरबॉक्सच्या आत एका दातेरी चक्रात अडकणारी एक छोटी खुंटी असते, आणि तुमच्या गाडीत तीही शाफ्टमार्गे मागच्याच चाकांना अडवते. म्हणजे तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला होता तोवर गाडीला पुढच्या कोरड्या चाकांनी धरले होते. पाय उचलला त्या क्षणी पुढची चाके मोकळी झाली आणि सगळा भार शेवाळावरच्या दोन चाकांवर आला. हँडब्रेक आणि पार्किंग या दोन वेगळ्या सोयी वाटतात, पण तुमच्या गाडीत त्या दोघी एकाच जोडीला धरतात. ती जोडी जाम राहूनच घसरली, कारण ब्रेकने त्याचे काम चोख केले होते. पकड नव्हती ती टायरखाली.

ढोबळ हिशेब करून पाहा. चांगल्या रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के ठेवतात. गाडी २,००० किलोची आणि मागे १,५०० किलो, म्हणजे एकूण ३,५०० किलो. १५ टक्के उतारावर हे सगळे सुमारे ५२० किलोच्या जोराने खाली ओढले जाते. दांडीचा भार धरून मागच्या धुरीवर १,३०० किलो आणि पुढच्या धुरीवर ८०० किलो आहेत असे समजा. नुसत्या मागच्या चाकांनी धरायचे तर घर्षणगुणांक ०.४ तरी हवा; ओल्या शेवाळावर तो मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. कोरड्या काँक्रीटवर टायरला ०.७ सहज मिळतो, म्हणजे पुढची दोन चाकेच ५६० किलोपर्यंतचा जोर धरू शकत होती. तुमची गाडी पायाच्या ब्रेकवर का उभी राहिली आणि हँडब्रेकवर का घसरली, ते यात सापडते.

सुकाणू (सोमवार, सकाळी ७:२०)

मला हीच शंका होती. यातून निघणारा उपाय अगदी स्वस्त आहे. ठोकळे पुढच्या चाकांमागे लावा. बहुतेक लोक सवयीने ते मागच्या चाकांमागे ठेवतात. तिथे ठोकळाही शेवाळावरच बसतो आणि चाकाबरोबर तोही घसरतो. कोरड्या जागेवरच्या चाकामागे जड रबरी ठोकळा घट्ट सरकवला की गाडीला खरा टेकू मिळतो.

निळाई (सोमवार, सकाळी ८:०५)

जुना दोर यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. फोर-व्हील ड्राइव्हचा विचार आपण नेहमी ओढण्यापुरताच करतो. पण ग्रीसचे हात यांनी लिहिले तेच पुढे नेले, तर तिचा मोठा फायदा उभे राहण्यात आहे. फोर-व्हील घातलेली असताना पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हँडब्रेकची आणि पार्किंगची पकड पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचते. मी उतारावर वळण्याआधी गाडी सरळ करते, लो रेंज (फोर-व्हीलचा सर्वांत संथ गिअर) घालते आणि बोट सुटून वर येईपर्यंत ती काढत नाही. लो रेंजमध्ये गाडी ब्रेकशिवायही मुंगीच्या पावलांनी मागे जाते, हा आणखी एक फायदा आहे. ज्यांना परवडते त्यांनी ती घ्यावी, असेच मी म्हणेन.

ग्रीसचे हात (सोमवार, सकाळी ८:३१)

निळाई, तुमचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्यात दोन अटी घालतो. काही गाड्यांत चारही चाके कायम चालतात आणि मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना) असते. ते लॉक केल्याशिवाय पुढची आणि मागची चाके एकमेकांना बांधली जात नाहीत. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांची हब हाताने फिरवून जोडावी लागतात, तीही जोडलेली हवीत. आणि कोरड्या काँक्रीटवर फोर-व्हील घालून तीव्र वळण घेऊ नका, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटणाऱ्या पेटीवर, येतो. तुम्ही आधी गाडी सरळ करता, हे योग्यच आहे.

धागाकर्त्यांसाठी गाडी उभी करण्याचा क्रमही सांगतो. पायाने ब्रेक दाबून धरा, गिअर न्यूट्रलला आणा, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पाय हळूहळू सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्या. गाडी सरकली तर तुम्ही अजून आतच आहात आणि पाय ब्रेकवरच आहे. ती स्थिर राहिली तरच गिअर पार्किंगला टाका. अशाने त्या छोट्या खुंटीवर सगळा भार येत नाही आणि वर जाताना गिअर अडकून खाडकन सुटत नाही. मुख्य म्हणजे हँडब्रेक धरतो की नाही, हे गाडीतून उतरण्याआधी कळते.

भरतीची वाट (सोमवार, दुपारी १:१५)

माझा अनुभव असा की अर्धी अडचण वेळ निवडली तरी सुटते. शेवाळ वाढते ते पाण्याखाली जाणाऱ्या आणि उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात. भरती असताना तोच पट्टा ट्रेलरखाली येतो आणि गाडी वरच्या कोरड्या भागात उभी राहते. ओहोटीला गाडीलाच त्या पट्ट्यावर उतरावे लागते, आणि शिवाय रॅम्पचे काँक्रीट कुठे संपते याचाही अंदाज राहत नाही. मी भरतीच्या वेळा पाहूनच निघतो, आणि परतण्याची वेळ जाण्याच्या वेळेइतकीच काळजीपूर्वक ठरवतो. सकाळी छान उतरवलेली बोट संध्याकाळी ओहोटीत काढायची वेळ आली तर सगळा फायदा गेला. जलाशयाची पातळी खाली गेली की तिथेही हाच पट्टा उघडा पडतो.

तळठाव (सोमवार, दुपारी ३:४०)

काँक्रीट संपण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. बोट परत घेताना इंजिनाच्या जोराने ती ट्रेलरवर चढवण्याची सवय कृपा करून सोडावी. पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची माती उकरतो. तिथे खड्डा पडतो आणि उकरलेल्या मातीचा उंचवटा थोडा मागे साचतो. पुढे कोणाच्या तरी ट्रेलरची चाके त्या काठावरून खाली जातात, आणि वर ओढताना धुरी काँक्रीटच्या कडेला अडकते. माझ्या ट्रेलरचे असेच झाले होते. आम्ही चौघांनी थंड पाण्यात छातीपर्यंत उभे राहून तो एका बाजूने उचलला तेव्हा कुठे तो सुटला, पण धुरीचे टोक वाकलेच. बोट हळू आणावी, नाळ ट्रेलरच्या आधारपट्ट्यांवर (बोट जिच्यावर बसते त्या लांब पट्ट्यांवर) टेकली की इंजिन बंद करावे आणि उरलेले अंतर विंचने ओढावे.

शिडाची सावली (सोमवार, संध्याकाळी ६:०२)

तळठाव, तत्त्वतः मान्य आहे, पण आडवा वारा असताना इंजिन बंद केले की बोट क्षणात तिरकी होते. अशा वेळी थोडासा जोर ठेवल्याशिवाय इलाज नसतो.

तळठाव (सोमवार, संध्याकाळी ६:३५)

शिडाची सावली, आडव्या वाऱ्यासाठी दोन गोष्टी करून पाहा. ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांवर उभे मार्गदर्शक खांब बसवा, आणि ट्रेलर कमी खोल घाला. पाण्यात जास्त खोल गेलेल्या ट्रेलरवर बोट शेवटपर्यंत तरंगत राहते, म्हणून वारा तिला हवी तशी फिरवतो. शिवाय वर आल्यावर ती मध्यभागी बसलेली नसते. चाकांवरचे मडगार्ड पाण्याच्या जेमतेम वर दिसतील एवढ्या खोलीपासून सुरुवात करा. आधारपट्ट्या आधी पूर्ण बुडवून ओल्या करा आणि मग गाडी थोडी पुढे घ्या. पट्ट्यांचा पुढचा भाग पाण्याबाहेर राहिला की नाळ त्याला टेकते, पकडते आणि आपोआप सरळ होते. उतरवताना मात्र उलट. त्या वेळी बोटीची मागची बाजू उचलली जाईपर्यंत खोल जावे लागते. किती खोल, ते प्रत्येक रॅम्पच्या उतारावर ठरते. आपल्या नेहमीच्या रॅम्पवर योग्य खोली सापडली की पाणी ट्रेलरच्या कुठल्या भागापर्यंत आले होते, तिथे रंगाची खूण करून ठेवावी.

निळाई (सोमवार, रात्री ८:१०)

खुणेची कल्पना फार आवडली. उद्याच करते.

नाळेवरची (सोमवार, रात्री ९:२५)

मी या सगळ्यात तशी नवीन आहे, म्हणून विचारते. ट्रेलर सरळ मागे घेणेच मला अजून जमत नाही. आरशात पाहून स्टिअरिंग कुठे फिरवायचे याचा दर वेळी गोंधळ होतो, आणि ट्रेलर काटकोनात मुडपतो.

जुना दोर (सोमवार, रात्री ९:५०)

स्टिअरिंग तळाशी, सहाच्या काट्यावर एका हाताने धरा. आता ट्रेलरची मागची बाजू ज्या दिशेला न्यायची असेल, त्याच दिशेला हात सरकवा. उजवे-डावे उलटे करण्याचे गणित डोक्यात करावेच लागत नाही. हालचाल अगदी थोडी करा आणि ट्रेलरने उत्तर देईपर्यंत थांबा; तो उशिरा वळतो आणि वळू लागला की भराभर वळतो. एखाद्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला, तर हात त्याच्या विरुद्ध बाजूच्या आरशाच्या दिशेने थोडासा न्या, म्हणजे तो परत रेषेत येतो. कोन वाढतच चालला असेल तर हट्ट न करता गाडी पुढे घ्या, सगळे सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा जास्त अवघड असतो, त्यामुळे तुमची बोट लहान असेल तर स्वतःला दोष देऊ नका. सुटीच्या दिवशी पहाटे एखाद्या रिकाम्या मैदानात दोन खुणांच्या मधून तासभर सराव करा. माझ्या मुलाने दोन सकाळीत शिकून घेतले.

आणि मागून खुणा करणारा माणूस आरशात दिसेनासा झाला, तर गाडी जिथे असेल तिथे थांबवायची. हा नियम आमच्या घरात कोणीही मोडत नाही.

ग्रीसचे हात (मंगळवार, सकाळी ७:०५)

घसरण्याशी संबंध नसला तरी पाण्याशी आहे, म्हणून एक नुकसान सांगतो, जे लोकांना वर्षभर दिसत नाही. लांबून येऊन लगेच ट्रेलर पाण्यात घातला तर चाकांचे हब गरम असतात. थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. पुढच्या हंगामात हब उघडले की ग्रीस दुधाळ, पांढरट झालेले असते आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके असतात. पिकअपच्या मागच्या धुरीचेही तसेच आहे. ती बुडेपर्यंत मागे जाऊच नये, आणि कधी बुडाली तर डिफरन्शियलचे तेल तपासावे. तयारीसाठी वर पंधरा-वीस मिनिटे थांबता, तेवढ्यात हब बऱ्यापैकी निवतात. हाताचा तळवा हबवर ठेवून पाहावा, चटका बसत असेल तर आणखी थांबावे. साधे बल्ब असलेले दिवे असतील तर त्यांचा प्लगही तेव्हाच काढून ठेवावा.

तळठाव (मंगळवार, सकाळी ९:१५)

परतताना बूच काढून सगळे पाणी रॅम्पजवळच सोडावे आणि ट्रेलरवर अडकलेल्या वनस्पती हाताने काढाव्यात, एवढी भर घालतो. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या परिसरात १९८८ मध्ये आढळले आणि पुढे एका तलावातून दुसऱ्या तलावात पसरले, त्यात ट्रेलरवरून फिरणाऱ्या बोटींचा मोठा हात होता. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. बोटीच्या तळातल्या पेलाभर पाण्यातूनही ती प्रवास करतात.

शिडाची सावली (मंगळवार, दुपारी १२:३०)

मूळ प्रश्नाकडे परत येतो. ठोकळे, क्रम, भरती हे सगळे पटले, पण गाडीत कोणी बसून राहावे की नाही यावर कोणीच लिहिले नाही. माझ्या मते दोन माणसे असतील तर चालकाने खाली उतरूच नये. पाय ब्रेकवर, म्हणजे चारही चाके धरलेली.

सुकाणू (मंगळवार, दुपारी १:१०)

सहमत आहे, आणि त्याबरोबर काचा खाली, सीटबेल्ट सोडलेला, गाडीत मुले किंवा पाळीव प्राणी नाहीत, हेही असावे. गाडी पाण्यात गेलीच, तर बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो आणि पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही. हूक सोडणाऱ्याने दांडीच्या बाजूला उभे राहावे; गाडी आणि ट्रेलर यांच्या मध्ये किंवा ट्रेलरच्या मागे कोणीही थांबू नये. विंचचा खटका लागला आहे हे पाहिल्याशिवाय हँडल सोडू नये. सुटलेले हँडल भारासकट उलटे फिरते आणि मनगट मोडते.

एकट्यानेच उतरवायचे असेल, तर मात्र ठोकळे लावल्याशिवाय दांडीजवळ जाऊ नये.

नवा नावाडी (शनिवार, संध्याकाळी ७:४०)

सर्वांचे मनापासून आभार. आज तोच रॅम्प, तीच गाडी, पण भरतीच्या एक तास आधी गेलो. आधी बोट वरच सोडून नुसती गाडी उतारावर नेली आणि ग्रीसचे हात यांनी सांगितलेल्या क्रमाने उभी केली. कोरड्या भागात ती हँडब्रेकवर हलली नाही. मग मुद्दाम मागची चाके शेवाळाच्या कडेवर नेली आणि पाय सैल केला, तर ट्रेलर नसतानाही ती दोन बोटे सरकली. आत बसून ते जाणवले, तेव्हा मागच्या रविवारी काय झाले होते ते अंगावर काट्यासारखे कळले.

त्यानंतर बोट जोडली. पत्नी गाडीत बसली, काचा खाली, पाय ब्रेकवर. पुढच्या दोन्ही चाकांमागे रबरी ठोकळे सरकवले आणि त्यांचे दोर बंपरच्या हुकाला बांधले, म्हणजे गाडी पुढे निघाली की ते मागोमाग येतात आणि उचलायला थांबावे लागत नाही. मी बाजूला उभा राहून हूक सोडला. मुलगी या वेळीही जेटीवर दोर धरून होती. बोट मागे सरकली, तरंगली, आणि दोर ताणला गेला तेव्हा तिने तो दोन वेढे देऊन बांधला.

गाडी बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. ट्रेलरची दांडी मीटरभर लांब करून घेता येते असे वाचले. तेवढ्याने मागची चाके ओहोटीलाही शेवाळाच्या वर राहतील. कोणी करून घेतली असेल, तर रिव्हर्समध्ये फरक किती पडतो आणि दांडीवरचा भार कसा बदलतो, ते कृपया सांगावे.

ग्रीसचे हात (शनिवार, रात्री ८:२०)

रिव्हर्स सोपा होईल, कारण ट्रेलर लांब होतो. भार मात्र बदलेल. धुरी आहे तिथेच राहून दांडी लांबली की गोळ्यावरचा (गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्यावरचा) भार कमी होतो, आणि तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर झुलतो. लांब केल्यावर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार गोळ्यावर येतो का, ते काट्यावर तोलून घ्या. बोट पुढे सरकवून तो वाढवता येतो. जोड द्यायचा झाला, तर दांडीइतक्याच जाडीचा पूर्ण लांबीचा नवा नळ घालून घ्या. मध्येच वेल्डिंग केलेला तुकडा नको. तुमच्या दांडीचे माप आणि धुरीपासून गोळ्यापर्यंतचे अंतर इथे लिहा, मी हिशेब करून देतो.